अकरा जागांचा फेर

चौथ्या फेरीला धाकटीने डावा हात लांबवला आणि हवेवर बोटं मिटली. तिच्या डावीकडे कुणी नव्हतं. तिथे एका माणसाची जागा मोकळी सोडलेली होती, आणि त्या जागेपलीकडे वकीलबाईने आपला उजवा हात तसाच हवेत धरला होता. शाळेच्या व्यायामशाळेत एकोणतीस माणसांची पावलं लाकडी जमिनीवर वाजत होती. तीन पावलं उजवीकडे, एक मागे, मग टाच. पुन्हा तीन.

“थांबा जरा,” वकीलबाई म्हणाली.

फेर लगेच थांबला नाही. बसचा ब्रेक दाबल्यावर उभे प्रवासी जसे एकमेकांवर रेलतात तशी माणसं रेलली, सावरली आणि मग उभी राहिली.

“मावशी, तुमचा हात पुन्हा सैल पडला.”

“पडला का?”

“दरवेळी तिथेच पडतो. तिसरी फेरी संपून चौथी लागली की.”

धाकटीने तो हात स्वेटरला पुसला. घाम आलेला नव्हता. लक्ष ठेवते, असं ती म्हणाली आणि फेर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

धाकटी म्हणजे काही लहान पोर नव्हती. सेहेचाळीस वर्षांची बाई, अर्धे केस पांढरे झालेले. गेली वीस वर्षं ती मोठ्या दवाखान्याच्या कपडेखोलीत फाटक्या चादरी शिवत होती, आणि तिथे तिला नवीन मुली चक्क आजी म्हणायच्या. पण या माणसांत ती धाकटीच राहिली होती, कारण त्या सकाळच्या फेरात सगळ्यांत लहान तीच होती. चौदा वर्षांची.

त्या सकाळी बस डेपोच्या संपाचा चौथा दिवस होता. थंडी मी म्हणत होती. फाटकासमोर कामगार आणि त्यांच्या घरची माणसं जमली होती. हातपाय गारठले म्हणून कुणीतरी फेर धरला. आनंदाच्या वेळी कुणीही धरतं तोच साधा फेर. बघता बघता चाळीस माणसं त्यात आली. चौथी फेरी लागली, आणि समोरच्या रस्त्यावर रांगा करून उभ्या असलेल्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अकरा माणसं गेली. धाकटीचा दादा त्यांतला एक. टायर विभागात उमेदवारी करत होता, एकवीस वर्षांचा होता.

मग चौकशी झाली, जाडजूड अहवाल आला. त्यातलं एकच वाक्य या माणसांना तोंडपाठ होतं. ‘जमावातील एका इसमाने हात उगारल्याने पोलिसांना नाइलाजाने गोळीबार करावा लागला.’ त्या वाक्याला या माणसांचं उत्तर म्हणजे हा फेर. दरवर्षी त्याच तारखेला, त्याच फाटकासमोर, तेवढ्याच फेऱ्या. ज्यांचे दोन्ही हात शेजाऱ्याच्या हातात होते, त्यांच्यातल्या कुणी हात उगारला कसा? बोलायचं काहीच नाही, फक्त दाखवायचं. गेलेल्यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या, पण त्यांचे हात सोडायचे नाहीत. पहिली नऊ वर्षं फेर धरला की पोलीस गाडीत घालून नेत. पुढे परवानगी मिळू लागली, तिला अटी होत्या: घोषणा नको, फलक नको, भाषण नको, वाद्य नको. तो कागद वाचून डेपोतले जुने फिटरमामा म्हणाले होते की श्वास किती वेळा घ्यायचा तेही एकदा विचारून या, उगाच नियम मोडायला नको.

यंदाची गोष्ट वेगळी होती. सरकार बदललं होतं आणि नवी चौकशी समिती बसली होती. वकीलबाई एका कंडक्टरची मुलगी. तिचे वडील त्या फेरातून जिवंत परतले होते, ती त्यानंतरच्या वर्षी जन्मली, आणि ते गेल्यापासून ती त्यांच्या जागेवर उभी राहत होती. दोन वर्षं खेटे घालून तिने समितीला एवढं कबूल करायला लावलं होतं की तिघेही सभासद स्वतः फाटकाशी येऊन फेर बघतील. कागदावरच्या साक्षी कुणी मनावर घेत नाही, तिचं म्हणणं, पण डोळ्यांनी पाहिलेलं खोडून काढता येत नाही. म्हणून यंदा एकही हात सैल पडून चालणार नव्हतं.

सराव संपला तेव्हा दुपार कलली होती. आक्का, त्या अकरांतल्या एका ड्रायव्हरच्या विधवा, फेरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, वय अठ्ठ्याहत्तर, काठी टेकत निघून गेल्या. फिटरमामा दुखऱ्या गुडघ्याला शिव्या घालत त्यांच्या मागून गेले. खुर्च्या पुन्हा भिंतीशी लावून ठेवायची पाळी धाकटीची होती. वॉचमन तिला मदत करायला आत आला.

हा वॉचमन शाळेत चार वर्षांपूर्वी लागला होता. साठी ओलांडलेला, अंगाने सडसडीत, बोलायला मोजका. सगळे त्याला भाऊ म्हणत. सरावाच्या दिवशी तो किल्ली घेऊन वेळेआधी हजर असे, पाण्याचा जग भरून ठेवी आणि दाराबाहेर घडीच्या खुर्चीवर बसून आत बघत राही. त्याला कंटाळा येत नाही का, असं कुणीतरी एकदा विचारलं होतं. त्यावर तो नुसता हसला होता.

दोघांनी मिळून बऱ्याच खुर्च्या लावल्या. मग एक खुर्ची हातात तशीच धरून तो म्हणाला,

“वकीलबाईंना सांगा, तुमचा हात चुकत नाही म्हणून.”

धाकटीला वाटलं, हा आपली समजूत काढतोय. “चुकतो हो भाऊ. तीन वर्षं ती मला सांगतेय.”

“नाही चुकत. तिथे हात सुटलाच होता.”

धाकटीने हातातली खुर्ची खाली ठेवली. खुर्चीचे पाय नीट टेकले नव्हते, ती कलंडली आणि आडवी झाली. कुणीच ती उचलली नाही.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“पाहिलं.”

“कुठून?”

“समोरून,” तो म्हणाला.

समोर त्या दिवशी एकच गोष्ट होती. धाकटीला पुढे काही विचारावं लागलं नाही. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे, मग त्याने आतापर्यंत तिला भरून दिलेल्या पाण्याच्या सगळ्या पेल्यांचा विचार तिच्या मनात आला.

त्याने सगळं सांगितलं ते खालच्या मानेने. पोलिसात लागून तेव्हा त्याला पाच वर्षं झाली होती. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा. हुकूम पहिल्या रांगेला होता, दुसऱ्या रांगेला नव्हता. असता तर आपणही गोळी झाडली असती, हेही त्याने आपणहून सांगितलं, त्यात काही सोडून दिलं नाही. बंदुका वर झाल्या तेव्हा कडेची एक मुलगी फेरातून सुटली आणि फाटकाजवळ उभ्या असलेल्या बसकडे पळाली. ज्या पोराचा हात तिने सोडला होता तो तिच्या बाजूला वळला आणि त्याने मोकळा झालेला हात वर केला.

“असा,” वॉचमन म्हणाला.

त्याने उजवा हात खांद्याच्या वर नेला. तळवा खाली. बोटं दोन वेळा हलली.

“मूठ नव्हती. हातात काही नव्हतं. नंतर आमच्याकडून लिहून घेतलं. मी म्हणालो, हात वर केला. कागद आला तेव्हा त्यावर होतं, हात उगारला. मी सही केली. तेव्हा वाटलं, एका शब्दाने काय होतंय.”

धाकटी त्याच्या हाताकडे बघत होती. तो अजून वरच होता.

“तो मला ये म्हणत होता की जा?”

वॉचमनने पुन्हा बोटं हलवली. मग आणखी एकदा, सावकाश, आणि या वेळी स्वतःच्याच हाताकडे बघत.

“ते मला तेव्हाही कळलं नाही, ताई.”

धाकटी त्या दिवशी आपल्या थांब्यावर उतरायची विसरली आणि तीन थांबे पुढे गेली. बत्तीस वर्षं तिला एक गोष्ट माहीत होती, आणि आणखी कुणाला ती माहीत नाही अशी तिची खात्री होती. हात तिने सोडला होता. गोळी सुटायच्या आधी, दादाला काही न सांगता. बसच्या मागच्या चाकाशी ती डोळे गच्च मिटून बसली होती आणि आवाज थांबल्यावरही बराच वेळ तिने मान वळवली नव्हती. नंतर आईने तिला पोटाशी धरलं आणि विचारलं, तू त्याच्याजवळच होतीस ना गं? ती हो म्हणाली. त्या एका होवर आईने पुढची तीस वर्षं काढली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई सांगायची की माझा लेक एकटा नाही गेला, शेवटपर्यंत बहिणीचा हात होता त्याच्या हातात. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हाही शुद्धीवर असेपर्यंत तिने धाकटीचा डावा हात धरून ठेवला होता. उजवा दिला तर ती तो बाजूला सारायची.

हे सगळं जुनंच होतं, अंगवळणी पडलेलं. नवीन होतं ते एवढंच की दादाने हात वर केला होता. तो वळला होता. तिने पाहिलं असतं तर तिला दिसलं असतं.

त्या आठवड्यात कपडेखोलीत मशीन चालवता चालवता तिचं पाऊल थांबायचं. बुधवारी समोर कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने हात उचलला, तळवा खाली केला आणि बोटं दोनदा हलवली. पलीकडच्या मशीनवरच्या दोघींनी तेवढ्यात मान वर केली. एक उठून जवळ आली आणि म्हणाली, काय हवंय? दुसरीने डबा उचलला आणि जेवायला निघून गेली. तिला वाटलं, तुम्ही व्हा पुढे, असं धाकटी सांगतेय. जवळ आलेली वाट बघत उभी राहिली. धाकटीने तिला दोऱ्याचं रीळ मागितलं, जे तिच्या समोरच पडलं होतं.

पुढच्या रविवारी सराव सुरू व्हायच्या आधी धाकटी म्हणाली की मला काही सांगायचंय. आणि ती बोलली. उभ्या उभ्या, चार वाक्यांत, कुणाकडेही न बघता. दादाने हात वर केला होता, हेही सांगितलं. कुणाकडून कळलं ते तेवढं सांगितलं नाही.

वकीलबाई पुढे आली. ती ओरडली नाही, पण तिचा आवाज चढत गेला. हे तुम्ही आज सांगताय, पंधरा दिवस राहिलेत, आणि आपलं सगळं उभं आहे ते एवढ्याच गोष्टीवर की हात धरलेले होते. एक जरी हात सुटला तरी ते म्हणणार, बघा, अहवालात हेच तर होतं. बत्तीस वर्षांचं आपणच मातीत घालायचं का, असं तिने विचारलं. तिच्या वडिलांनी दादाचा दुसरा हात शेवटपर्यंत धरला होता, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. ते वाक्य तिने सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं.

“मीही सोडला होता,” आक्का म्हणाल्या.

त्या भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या, दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवून.

“तिसऱ्या फेरीला. नवरा म्हणाला, थंडी वाढलीय, तू घरी जा आता. मला राग आला. मी काय थंडीने मरते का म्हटलं, आणि हात झटकला. तुझ्याबरोबर नाचायचंच नाही, म्हटलं.” त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “सोडला नाही. झटकला.”

कुणीतरी नाक ओढलं. फिटरमामा खाली बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होते. त्यांनी पट्टीवरून नजर काढली नाही.

“तुम्ही निदान होता तरी तिथे,” ते म्हणाले. “मी फेरात नव्हतोच.”

“म्हणजे?” वकीलबाईने विचारलं.

“बसच्या मागे गेलो होतो. लघवीला. सकाळपासून चहावर चहा ढोसलेला. पत्रे ठोकणारा आपला, तो बाजूला उभा होता. त्याला म्हटलं, दोन मिनिटं माझी जागा धर, आलोच.”

पत्रे ठोकणारा हा त्या अकरांतला एक होता. त्याची मोकळी जागा फिटरमामांच्या शेजारी ठेवली जायची.

“ती जागा शेजारची नाही,” फिटरमामा म्हणाले. “मी उभा असतो तीच त्याची. मला तिथे उभंच राहायला नको.” मग पट्टीची गाठ मारून ते म्हणाले, “एक भांडून निघालेली, एक पळालेली, एक लघवीला गेलेला. लिहा म्हणावं, हा एवढा जमाव.”

एक-दोघं हसली, आणि हसता हसता त्यांची तोंडं वेडीवाकडी झाली. त्यानंतर बोलायला कुणाला सांगावं लागलं नाही. एकाचा बूट निघाला होता. एकीने गळ्यातला मफलर सारखा करायला हात काढून घेतला होता. काहींनी काहीच सांगितलं नाही, ती खिडकीबाहेर बघत राहिली. वकीलबाई जमिनीवर बसली होती. तिची वही उघडी होती, पण ती लिहीत नव्हती.

आक्कांनी धाकटीला विचारलं की तुझ्या दादाने हात वर केलेला तू पाहिला नाहीस, मग पाहिला कुणी? तेवढ्यात दारातून आवाज आला.

“मी.”

वॉचमन पाण्याचा जग घेऊन उंबऱ्यात उभा होता. तो कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. पुढे त्याने आणखी एकच शब्द उच्चारला, समोरून, आणि खोलीतल्या प्रत्येकाला तो कळला. फिटरमामा उठायला गेले, पण गुडघ्याने साथ दिली नाही.

आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. “माझा नवरा दिसला होता?”

“दिसले होते. निळी टोपी होती.”

“मी विणलेली.” आक्कांचा आवाज बदलला नाही. “जग ठेवा तिथे आणि जा.”

तो जग ठेवून गेला. वकीलबाई त्याच्या मागे धावली. धाकटीने खिडकीतून पाहिलं, शाळेच्या पटांगणात ती दोघं समोरासमोर उभी होती. वकीलबाईच बोलत होती. परत आल्यावर तिने सांगितलं की तो कमिटीपुढे यायला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मुलगी आहे त्याची, तिच्याकडे राहतो. आपले वडील जन्मभर वाहतूक शाखेत होते अशी तिची समजूत आहे. आयुष्यभर चौकात शिट्टी वाजवली, असं तो तिला सांगत आला.

“शब्द त्याच्याकडे आहे,” वकीलबाई म्हणाली. “वर केला आणि उगारला. दुसऱ्या कुणाकडेच नाही तो.”

मग काय करायचं, हा प्रश्न राहिला. आक्का उठल्या आणि खोलीच्या मधोमध आल्या.

“झालं होतं तसं करायचं,” त्या म्हणाल्या. “मला पुन्हा खोटं धरून ठेवता येणार नाही. हात दुखतात माझे.”

उरलेल्या सरावांना दार उघडायला शाळेचा दुसराच माणूस येत होता.

त्या दिवशी सकाळी ऊन होतं. डेपो केव्हाच शहराबाहेर गेला होता, फाटकाला गंजकं कुलूप होतं आणि आत गुडघाभर गवत माजलेलं. परवानगीचा कागद घेऊन दोन पोलीस कोपऱ्यावर उभे होते. दोघंही तरुण, त्यातला एक जांभया देत होता. रस्त्याच्या कडेने दीड-दोनशे माणसं जमली होती.

समितीच्या तीन खुर्च्या फाटकालगत सावलीत मांडल्या होत्या. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, सौम्य बोलणारे. आक्का त्यांच्यापुढे गेल्या आणि म्हणाल्या की इथून नुसत्या पाठी दिसतील, नीट बघायचं तर समोर बसावं लागेल. खुर्च्या रस्त्यापलीकडे नेल्या गेल्या. उन्हात बसावं लागलं म्हणून न्यायाधीशांनी कपाळावर हात धरला. आपण कोणत्या जागी बसलो आहोत, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

वकीलबाई सारखी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत होती. फेर उभा राहिला, माणसांनी आपापल्या जागा घेतल्या, तरी तिचं बघणं थांबेना. फिटरमामा या वेळी फेराबाहेर, भिंतीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. त्यांच्या जागी आता कुणी नव्हतं. ती पत्रे ठोकणाऱ्याची जागा होती.

वॉचमन आला तो अगदी शेवटी. इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि सोबत तिशीची एक बाई. ती त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून चालत होती. तिचे डोळे सुजलेले होते. फुटपाथपाशी ती थांबली. तो एकटाच पुढे आला, खुर्च्यांच्या मागे गेला, जमिनीकडे बघत दोन पावलं डावीकडे सरकला, मग एक पाऊल मागे घेतलं आणि उभा राहिला. समितीचा कारकून त्याच्याजवळ गेला आणि बाजूला व्हायला सांगू लागला. फेरातून आक्कांचा आवाज आला.

“राहू दे त्यांना. त्यांची जागा तीच आहे.”

न्यायाधीशांनी मागे वळून पाहिलं. “आपण कोण?”

“मी इथे उभा होतो,” वॉचमन म्हणाला. “आधी ते बघा, साहेब. मग मी सांगतो.”

आक्कांनी पाऊल टाकलं. तीन उजवीकडे, एक मागे, टाच. डांबरावर टाचांचा आवाज लाकडासारखा येत नाही, दबका येतो. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. बघणाऱ्यांना नेहमीचंच वाटलं असेल. तिसऱ्या फेरीला आक्कांनी हवेतला हात झटकला, एवढ्या जोराने की त्यांचा तोल गेला, आणि त्या फेरातून बाहेर पडून कडेला जाऊन उभ्या राहिल्या. गर्दीतून कुजबूज उठली. एकाने वाकून बूट काढला. एकीने गळ्याशी हात नेला. फेर जागोजागी विसकटत गेला, तरी उरलेली माणसं पावलं टाकत होती.

चौथी फेरी लागली. धाकटीने बोटं उघडली.

पळणं म्हणजे आता पळणं राहिलं नव्हतं. जिथे बस उभी होती तिथे ती पोचली तोवर तिला धाप लागली होती. ती खाली बसली. डोळे मिटावेत असं वाटलं, पण तिने ते मिटले नाहीत. मान वळवली.

दादाची जागा मोकळी होती. वकीलबाईचा हात त्या जागेच्या कडेला हवेत तसाच होता, घट्ट, तिच्या वडिलांनी धरला होता म्हणून ती सांगत आली तसा. त्या मोकळ्या जागेतून रस्त्यापलीकडचं सगळं दिसत होतं. उन्हात डोळे बारीक करून बसलेली तीन माणसं, आणि मागे तो, हात शरीराला चिकटवून ताठ उभा. तो तिच्याकडे बघत नव्हता. दादाच्या जागेकडे बघत होता, आणि उभ्या उभ्या रडत होता, तोंड पुसायला हात न उचलता.

फुटपाथवर त्याची मुलगी दिसेना. धाकटीने इकडेतिकडे पाहिलं. मग बाजूलाच चपला वाजल्या. ती फेराला वळसा घालून भिंतीच्या कडेने आली होती, आणि आता धाकटीसमोर वाकून उभी होती.

“लागलं का तुम्हाला?” तिने विचारलं. “एकदम खाली बसलात.”

धाकटी कोण, ते त्या मुलीला माहीत नव्हतं.

“नाही,” धाकटी म्हणाली. “लागलं नाही.”

मुलीने उठायला आधार म्हणून हात पुढे केला. तो थंडगार होता. धाकटीने तो धरला. पण उठायची घाई तिने केली नाही. तिने तो हात अलगद खाली ओढला, तशी ती मुलगीही तिच्या शेजारी जमिनीवर बसली, आणि दोघी फेराकडे बघत राहिल्या.